शांत आणि सुंदर घरासाठी प्रेरणा शोधताना नेमकं काय बघायचं? (हॉल, बेडरूम, बाथरूम)

अर्धी_भिंत

नमस्कार मंडळी,

घराचं काम काढायचं ठरलंय. हॉल, एक बेडरूम आणि तिला लागून असलेलं बाथरूम. भिंती पाडायच्या नाहीत. फरशी, रंग, दिवे, थोडं सुतारकाम एवढंच. बाथरूम मात्र पूर्ण उकरून नवं करायचं आहे. ते ५ फूट बाय ७ फूट आहे. वर एक छोटी खिडकी आहे पण ती डक्टमध्ये उघडते, त्यामुळे उजेड नावापुरता.

गेले बरेच महिने मी फोटो जमवतेय. एकेक बघितला की त्यात जीव अडकतो, सगळे एकत्र बघितले की एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. पांढऱ्या भिंती आणि फिकट लाकूड आवडलंय, गडद हिरव्या टाइल्सही आवडल्यात, न रंगवलेला सिमेंटचा गिलावा आवडलाय आणि पितळी नळही. परवा इंटिरिअर डिझायनरने विचारलं, "घरात आल्यावर तुम्हाला कसं वाटायला हवंय?" मी म्हटलं, "शांत." ती म्हणाली, "मग या फोटोंतला शांत कुठला ते दाखवा." मला एकावरही बोट ठेवता येईना.

आणि मला ते खरंच हवंय. दिवसभर माणसांत आणि आवाजात काम असतं. दार लावलं की खांदे सैल पडावेत, आंघोळीला गेलं की घाईघाईने बाहेर यावंसं वाटू नये, इतकं साधं मागणं आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा बाथरूम त्यांनाही सोयीचं व्हायला हवं. ते फक्त बघण्यापुरतं सुंदर असून मला चालणार नाही.

तुम्ही प्रेरणा कुठून घेता? आणि ती आपल्या घराच्या मापात कशी बसवता? सध्या कुठली स्टाइल चालू आहे हे कुठेही कळतं, ते नको. बघायचं कसं ते सांगा.

दुपारची_डुलकी

फोटो थोडे दिवस बाजूला ठेवा आणि एक वही करा.

आम्ही घर नवं करताना तेच केलं. घरात कुठे बसल्यावर बरं वाटतं आणि किती वाजता, कुठे गेलं की चिडचिड होते, बस इतकंच लिहायचं. कारण शोधायचं नाही. माझ्या वहीत सारखा येणारा शत्रू म्हणजे पॅसेजमधली ट्यूब, आणि बाथरूमचं दार उघडल्या उघडल्या समोर दिसणारा कमोड. बरं वाटण्याच्या रकान्यात मात्र मागच्या खोलीतली खिडकीखालची जमीन होती, सकाळची. आम्ही तिथे भिंतीच्या लांबीइतका बुटका बाक केला आणि आता घरातलं प्रत्येक माणूस तिथेच बसायला धडपडतं. बाथरूमच्या दाराचा पल्ला उलट बाजूला उघडेल असा केला, आता आत बघितलं की बेसिन दिसतं.

यातलं काहीही मला कुठल्या फोटोत सापडलं नसतं.

कवडसा

अर्धी_भिंत, फार नेमकं विचारलंत. मी बरीच वर्षं घरांच्या आतल्या कामाची ड्रॉइंग्ज करते, त्यातही दिव्यांची जास्त, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमची आवड विस्कळीत आहे असं मला वाटत नाही. तुम्ही आत्तापर्यंत वस्तू जमवल्यात: टाइल, नळ, लाकूड, गिलावा. शांत वाटण्याचं कारण बहुतेक वेळा त्यांच्या मधल्या जागेत असतं. उजेड कुठून येतोय, नजर कुठे जाऊन टेकतेय, आवाज घुमतोय की विरतोय, पायाला काय लागतंय. म्हणून तेच फोटो पुन्हा बघा, पण हे प्रश्न घेऊन.

आधी फोटोंबद्दल. खोल्यांचे फोटो वाइड लेन्सने काढतात आणि कॅमेरा छातीच्या उंचीला किंवा त्याहून खाली ठेवतात. त्यामुळे लहान खोली ऐसपैस दिसते. टॉवेल, बादली, चार्जर, औषधांचा डबा, सगळं चौकटीबाहेर सरकवलेलं असतं. हे ध्यानात ठेवून फोटोतली खुर्ची अंगठ्याने झाका. मग झाड झाका, मग दिवा. उरलेली रिकामी खोली अजून आवडतेय का? आवडत असेल तर तो फोटो ठेवा. नसेल तर तुम्हाला खुर्ची आवडली होती, खोली नव्हे. राहिलेल्या फोटोंत सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघा, म्हणजे उजेडाची दिशा कळेल. साहित्य किती प्रकारचं आहे ते मोजा. मन निवतं अशा खोल्यांत ते बहुधा तीनच्या वर जात नाही.

मला स्वतःला फोटोंपेक्षा चित्रांनी जास्त शिकवलं. विल्हेल्म हॅमर्सहॉय हा डॅनिश चित्रकार १८९८ ते १९०९ या काळात कोपनहेगनमध्ये स्ट्रँडगेड ३० या पत्त्यावर राहत होता आणि त्याच घरातल्या खोल्या तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. चित्रात जवळपास काही नसतं. एक पांढरं दार उघडं, त्यामागच्या खोलीचं दारही उघडं, एखादं टेबल, खिडकीतून आलेला फिका उजेड. पण चित्र मोठं करून भिंतीकडे बघा. ती राखाडी म्हणावी तर खिडकीजवळ पिवळसर आहे, कोपऱ्यात निळसर होते, दाराच्या चौकटीपाशी तपकिरीकडे झुकते. एकाच भिंतीवर इतक्या छटा असल्यामुळे रिकामी असूनही ती डोळ्यांना कंटाळवाणी होत नाही. हे बाजूने येणाऱ्या उजेडाचं काम आहे. छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावला की या सगळ्या छटा धुऊन जातात. तुमच्या हॉलमध्ये आज असा दिवा असेल तर बाकी काही करण्याआधी तो एक संध्याकाळ बंद ठेवा आणि कोपऱ्यात उभा दिवा लावून बसा.

सतराव्या शतकातला डच चित्रकार पीटर द होख दुसरी गोष्ट शिकवतो. त्याच्या कितीतरी चित्रांत पुढची खोली जरा अंधारी असते आणि उघड्या दारातून मागची खोली किंवा अंगण उजळलेलं दिसतं. नजरेला जायला जागा मिळते, म्हणून छोटी खोलीसुद्धा कोंदट वाटत नाही. सोफ्यावर बसून बघा, तुमची नजर कुठे जाते? टीव्हीच्या काळ्या चौकोनावर जाऊन थांबत असेल तर सोफा फिरवता येतो का पाहा. पॅसेज दिसत असेल तर त्याच्या टोकाच्या भिंतीवर एक छोटा दिवा सोडा. खर्च किरकोळ, फरक मोठा.

घरांमध्ये मी सगळ्यांना लुइस बारागान या वास्तुविशारदाचं मेक्सिको सिटीतलं स्वतःचं घर बघायला सांगते. ते १९४८ चं आहे आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रस्त्यावरून आत आलं की आधी अरुंद, मंद उजेडाची जागा लागते, खाली ज्वालामुखीचा काळा दगड. तिथून पुढे उंच हॉल, एक गुलाबी भिंत, आणि जिन्याच्या वळणावर सोन्याचा वर्ख लावलेला मोठा फलक, मथायस गोएरित्झ या कलाकाराने केलेला. दिवसाचा उजेड त्यावर पडतो आणि सोनेरी होऊन जिन्यात उतरतो. आपल्याला वर्ख लावायचा नाही. घ्यायच्या गोष्टी दोन. दिवा डोळ्यांवर न मारता भिंतीवर मारायचा, म्हणजे खोलीला भिंतीकडून मऊ झालेला उजेड मिळतो. आणि घराच्या दाराशी कमी सामानाची, मंद उजेडाची थोडी जागा ठेवायची. बाहेरचा दिवस तिथे उतरवून आत येता येतं.

आता बाथरूम. स्वित्झर्लंडमधल्या व्हाल्स गावातली स्नानगृहं बघा, पीटर झुमथोरने बांधलेली, १९९६ साली पूर्ण झालेली. जवळच्या खाणीतल्या क्वार्टझाइट दगडाच्या सुमारे ६०,००० पट्ट्या रचून भिंती उभारल्यात. पट्ट्या तीन वेगवेगळ्या जाडीच्या आहेत, पण तीन थर मिळून उंची नेहमी १५ सेंटिमीटर भरते. म्हणून पायरी असो, दार असो की कठडा, प्रत्येक कड त्या रेघांत बरोबर बसते आणि कुठेही अर्धवट तुकडा टोचत नाही. छताचे भाग एकमेकांना भिडवलेले नाहीत. मधल्या अरुंद फटींतून उजेडाची रेघ दगडावरून खाली येते, बाकी जागा अंधारी.

तुमची खिडकी डक्टमध्ये उघडते म्हणून हे उदाहरण मुद्दाम देतेय. अंधारं बाथरूम पांढरंफटक करून उजळत नाही, ते नुसतं थंड दिसतं. जमिनीला आणि भिंतींना एकाच कुळातली टाइल घ्या, चकाकी नको. शॉवरच्या मागच्या भिंतीवर, छताला लागून खाच ठेवून एलईडी पट्टी आत लपवा, म्हणजे उजेड भिंतीवरून खाली येईल.

आणखी एक, खास सासूबाईंसाठी. पॅरिसजवळ पोआसीला ल कोर्ब्युझिए आणि पिएर जानरे यांचं व्हिला साव्हॉय आहे, १९३१ चं. तिथल्या मुख्य बाथरूममध्ये टबाला लागून, पाठीच्या वळणाप्रमाणे घडवलेली लांब बैठक आहे, लहान टाइल्सनी मढवलेली, आणि वर छतातून उजेड. न्हाणीघरात विसावायलाही जागा असावी हा विचार मला फार मोलाचा वाटतो. ५ बाय ७ मध्ये आडवं पडता येणार नाही, पण शॉवरखाली ४५ सेंटिमीटर उंचीचा बांधीव बाक नक्की बसेल. सासूबाई बसून आंघोळ करतील, तुम्ही पाय शेकाल.

दिवे घेताना २७०० ते ३००० केल्व्हिनचे घ्या. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा रंग. खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त लिहिलेलं असावं, नाहीतर अंगाचा रंग मलूल दिसतो. आरशाच्या वर दिवा लावला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते, म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीला लावा. साफसफाईचा उजेड, आरशाचा उजेड आणि रात्री जमिनीलगतचा मंद उजेड, तिन्हींची बटणं वेगळी ठेवा. दिव्यात पाणी शिरू नये यासाठी आयपी नंबर बघा: शॉवरच्या आत येणारी फिटिंग आयपी ६५ ची, बेसिनजवळ आयपी ४४ पुरते.

ओळंबा

कवडसाताईंचं सगळं पटलं. मी साइटवर उभा राहून कामं करून घेणारा माणूस, त्यामुळे माझी प्रेरणा पाण्यापासून सुरू होते. जमीन कोरडी राहिली, वास आला नाही, नळ गळला नाही, की बाथरूममध्ये मन आपोआप शांत होतं.

आधी ती उजेडाची रेघ. भिंतीवरून घासत येणारा उजेड टाइलचा प्रत्येक उंचसखल कोपरा दाखवतो. समोरून दिवा असताना जे काम गुळगुळीत दिसतं, त्यावर वरून पट्टी लावली की कोपऱ्या-कोपऱ्याला सावली पडते. तेव्हा ती पट्टी करायची असेल तर गवंड्याला पहिल्या दिवशी सांगा. गिलाव्याला ओळंबा आणि लांब पट्टी लावून भिंत आधी सपाट करून घ्या. टाइल लावताना छताशी हॅलोजन धरा, खोट तिथेच दिसते आणि मसाला ओला आहे तोवर सुधारता येते. नंतर काही होत नाही.

उतार १:८० ते १:१०० ठेवा. दीड मीटर लांबीला १५ ते १९ मिलिमीटर. मोठ्या टाइल्स घेतल्या आणि पाणी जायची जाळी मधे ठेवली तर चारही बाजूंनी उतार काढायला टाइल तिरकी कापावी लागते आणि ती डिझाइनच्या चिंधड्या करते. त्याऐवजी शॉवरच्या भिंतीलगत लांब पट्टीची जाळी द्या. उतार एकाच दिशेला, टाइल अख्खी राहते. व्हाल्सच्या १५ सेंटिमीटरचा नियम इथे लावा: जमिनीचे सांधे भिंतीच्या सांध्यांना जुळवा, साबण-शाम्पूचा कोनाडा पूर्ण टाइलच्या मापाचा ठेवा, बाकाची उंचीसुद्धा सांध्याला आणा. हे सगळं टाइल विकत घेतल्यानंतर, हातात माप आल्यावर, फोडाफोड व्हायच्या आधी कागदावर काढायचं.

जमिनीची टाइल निवडताना अनवाणी पायांची घसरण चाचणी विचारा. जर्मन पद्धतीत तिचे ए, बी, सी असे वर्ग आहेत; शॉवरच्या जागेला बी किंवा सी. लहान टाइल्स घेतल्या तर सांधे जास्त येतात आणि पाय धरून ठेवतात.

शॉवरचा नळ शॉवरच्या बरोबर खाली लावायची सवय आहे सगळीकडे. तो आत शिरायच्या बाजूच्या भिंतीवर घ्या. बाहेर उभं राहून हात लांबवून पाणी सोडायचं, गरम झालं की आत जायचं. थंड पाण्याचा पहिला फटका अंगावर येत नाही. वयस्क माणसासाठी हे फार महत्त्वाचं आहे. धरायचे दांडे आत्ता नको असतील तरी भिंत उघडी आहे तोवर त्यांच्या जागा पक्क्या करून ठेवा आणि फोटो काढून ठेवा. पाइप कुठून गेलेत तेही त्याच फोटोत येतं.

एक्झॉस्ट फॅन डक्टमध्ये सोडताय तर दाराखाली बोटभर फट हवी. आत हवा यायला वाट नसेल तर फॅन नुसता गुरगुरतो. आंघोळीनंतर १५-२० मिनिटं चालू राहील असा टायमर बसवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून पाणी भरून किमान २४ तास ठेवा, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा, मगच टाइल.

रंगपेटी

मला एका बाबतीत वेगळं वाटतं. शांत म्हटलं की सगळे राखाडी, पांढरा, मातकट असं बोलायला लागतात. माझं शांत घर गडद आहे. माझी झोपायची खोली जवळजवळ काळपट निळी आहे, छतासकट, आणि तिथे गेल्यावर जी झोप लागते ती फिकट भिंतींत कधी लागली नाही. तेव्हा हिरव्या टाइल्स आवडल्या असतील तर त्या सोडू नका.

फक्त रंग एकटा बघू नका. मिशेल शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या विणलेल्या चित्रपटांच्या (टॅपेस्ट्रीच्या) कारखान्यात धाग्यांच्या रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका येतो अशी तक्रार होती. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने हे सगळं मांडून छापलं. भिंतीचंही तेच आहे. फिकट राखाडी रंग पिवळसर लाकडाशेजारी निळा दिसायला लागतो आणि माणूस रंगवाल्याशी भांडतो. म्हणून छोट्या शेडकार्डवर ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात द्या, तो पुठ्ठा फरशीच्या तुकड्याशेजारी आणि पडद्याच्या कापडाशेजारी उभा करा, आणि सकाळी, दुपारी, दिव्यात असा बघा. खोलीभर फिरवा. खिडकीच्या भिंतीवर आवडलेला रंग समोरच्या भिंतीवर वेगळाच निघतो.

बेडरूमच्या खिडकीतून झाड दिसत असेल तर पलंग तसा लावा की पडल्या पडल्या ते दिसेल. रॉजर उलरिचचा १९८४ सालचा अभ्यास आहे, 'सायन्स' मध्ये आलेला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. झाड नसेल तर आकाशाचा तुकडा तरी दिसू दे. खिडकीसमोर कपाट ठेवलेली बेडरूम बघितली की मला फार वाईट वाटतं.

आणि आवाज. फरशी, काच, रंगवलेली भिंत, सगळं कडक असलं की हॉलमध्ये चमचा पडला तरी दणका बसतो. जाड पडदा छतापासून जमिनीपर्यंत, एक गालिचा, पुस्तकांचं उघडं कपाट. आधी टाळी वाजवून बघा, हे सगळं आणल्यावर पुन्हा वाजवा.

अर्धी_भिंत

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

अंगठ्याने झाकून बघण्याचा प्रयोग आम्ही दोघांनी मिळून केला. बहुतेक फोटो गळून पडले. पितळी नळ गेले, फिकट लाकूड गेलं. उरलेल्यांत दोन गोष्टी सारख्या आहेत. उजेड प्रत्येकात एकाच बाजूने येतोय, आणि बसायची जागा भिंतीला पाठ लावून आहे, समोर मोकळं. हिरव्या टाइलचा फोटो टिकला, त्यातून सगळं काढून टाकलं तरी. सिमेंटचा गिलावाही टिकला.

वहीसुद्धा सुरू केली. पॅसेजच्या भिंतीवर दुपारी ऊन येतं हे या घरात इतकी वर्षं राहून आता लक्षात आलं. तिथे मी कपाट करायला निघाले होते. सासूबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "आंघोळ करताना दार वाजवू नका, मला तेवढाच वेळ एकटीला मिळतो." बाक होणार, ते पक्कं.

आता अडलंय ते असं. एक, ५ बाय ७ च्या, खिडकी नसल्यासारख्या बाथरूममध्ये गडद हिरवी टाइल लावली तर ते अंगावर येईल का? नवऱ्याला दाढीसाठी लख्ख उजेड हवा, त्याला गडद नको वाटतंय. दोन, जमिनीला आणि भिंतीला एकच टाइल लावली तर सासूबाईंना कडा दिसतील का? त्यांना मोतीबिंदू झालेला आहे, संध्याकाळी त्या पायरी चाचपत उतरतात.

कवडसा

सासूबाईंचं तुम्ही बोललात ते फार बरं झालं, त्यामुळे माझं आधीचं उत्तर बदलायला हवं. वय झालेल्या डोळ्याला रंगातला थोडासा फरक कळत नाही, फिकट आणि गडद यातला फरक कळतो. एकाच रंगात सगळं केलं तर बाक कुठे सुरू होतो हे त्यांना दिसणार नाही. म्हणून जमीन मध्यम राखाडी, शॉवरची भिंत हिरवी, बाकाचा वरचा दगड फिकट, जवळजवळ पांढरा, आणि धरायचा दांडा हिरव्यावर उठून दिसेल असा. साहित्य तीनच राहतं, शांतपणा कुठे जात नाही. शॉवर आणि बाकी जागा यांच्यामध्ये उंबरठा नको, उतारानेच काम होईल. रात्रीचा जमिनीलगतचा दिवा पलंगापासून बाथरूमपर्यंत, हालचाल झाली की लागणारा.

गडद हिरवं अंगावर येणार नाही, पण ते चारही भिंतींना नको. शॉवरची लांब भिंत तेवढी हिरवी करा. बेसिनच्या बाजूला तुमचा सिमेंटचा फिकट गिलावा, पाणी थेट उडत नाही अशा भागात. म्हणजे टिकलेले दोन्ही फोटो एकत्र आले. गडद भिंत उजेड गिळते, त्यामुळे दिव्यांची ताकद थोडी वाढवावी लागेल. दाढीचा प्रश्न खोली उजळून सुटत नाही, चेहरा उजळून सुटतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे असले आणि आरशाभोवतीची भिंत फिकट असली की त्यांना हवा तेवढा उजेड मिळेल. त्यांना एकदा तसं उभं करून दाखवा, दोन टेबललॅम्प दोन बाजूंना धरून.

भिंतीला पाठ आणि समोर मोकळं, हे तुम्हाला आपोआप सापडलं याचं मला कौतुक वाटलं. जे ॲपलटन या इंग्लिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये हेच मांडलं होतं, की आपण लपलेले असू आणि समोरचं दिसत असेल अशी जागा माणसाला सुखावते. तेव्हा हॉलमध्ये सोफा खोलीच्या मधोमध, दाराकडे पाठ करून ठेवू नका. आणि पॅसेजच्या त्या भिंतीवरचं कपाट रद्द करा, ऊन येऊ द्या.

ओळंबा

हिरवी टाइल फायनल करण्याआधी एक करा. दुकानातून दोन नमुने घरी आणा आणि त्याच बाथरूममध्ये, त्याच भिंतीला उभे टेकवा. आडवे ठेवून बघू नका, उजेड वेगळा पडतो. जो दिवा लावणार आहात त्याच रंगाचा बल्ब लावा. साबणाचं पाणी मारा, पुसू नका, दुसऱ्या दिवशी बघा. पाण्यात क्षार जास्त असतील तर गडद टाइलवर पांढरे ओघळ दिसतील, चकाकीच्या टाइलवर आणखी ठळक. ओघळ खटकले तर त्याच हिरव्यातली एक पायरी फिकट छटा मॅटमध्ये मागा, आणि ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा मसाला, टाइलच्याच रंगाचं.

बाकाचा दगड पुढच्या बाजूला किंचित उतरता बसवायला सांगा, नाहीतर त्यावर पाणी साचतं आणि सासूबाई थंड पाण्यात बसतील.